दर्जीचे पंधरा

चिकपेटच्या मेट्रो स्टेशनातून वर आलात की साड्यांच्या दुकानांतली माणसं "या, या" करत जवळजवळ हाताला धरून आत नेतात. त्यांच्या तावडीतून सुटून तिसऱ्या बोळात शिरायचं. कुलपं-कड्यांच्या घाऊक दुकानाशेजारी एक अरुंद जिना आहे आणि जिन्याच्या तोंडाशी एक नवी पाटी. वर कन्नडमध्ये मालकाचं नाव, खाली इंग्रजीत पाच मोठी अक्षरं: डी, यू, आर, झेड, आय. प्रत्येक अक्षराच्या पायाशी एक बारीक आकडा. दोन, एक, एक, दहा, एक. बोळातले हमाल तो दुकानाचा फोन नंबर समजतात आणि अर्धाच का लिहिलाय म्हणून विचारतात.

मला त्या पाटीचा इतका अभिमान आहे, की बंगळुरात पाहुणे आले की लालबागेच्या आधी मी त्यांना इथे आणते. पाहुण्यांना वाटतं, म्हातारपणी हिचं काहीतरी बिघडलंय. वाटू दे. मी शुभदा, मूळची पुण्याची, आणि हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी इथे आले त्याला छत्तीस वर्षं झाली.

जिन्यावरच्या खोलीत नरसिंहराव पिसे शिवणकाम करतात. वय सदुसष्ट. त्यांचं घराणं शिंप्यांचं. मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवत शिवत साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते परत गेलंच नाही, असं त्यांच्या घरात सांगतात. दोघे भाऊ शिकून बँकेत लागले. मुलगी भार्गवी व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मशीनवर राहिले ते हे एकटे. पुतण्याच्या लग्नात थोरल्या भावानं व्याह्यांना त्यांची ओळख "टेक्स्टाइल लाइनमध्ये असतात" अशी करून दिली. नरसिंहरावांनी व्याह्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मी शिंपी. तुमच्या कोटाचा डावा खांदा स्वल्प उतरलाय. रिसेप्शनच्या आधी काढून द्या, नीट करून देतो." भाऊ पुढे दोन महिने बोलला नाही. हे मला त्यांच्या बायकोनं, अहल्याक्कांनी सांगितलं. काजं, बटणं आणि हेमिंग त्या करतात आणि नवऱ्याबद्दलच्या बातम्याही त्याच पुरवतात.

माझे ब्लाउज तिथे शिवायला टाकायला लागून तेरा-चौदा वर्षं झाली. कापड शिंप्याच्या टेबलाखाली पडलं की ते शिंप्याचं, असं सगळेच धरून चालतात. नरसिंहरावांकडे तसं नाही. ब्लाउजबरोबर उरलेल्या कापडाचं गाठोडं मिळतं. हातभर तुकडा असो की दोन बोटांची चिंधी, सगळं घडी करून, सुतळीनं बांधून. मला त्या गाठोड्याचा वैताग यायचा. घरी नेऊन करायचं काय? मी ते तिथेच टाकायचे. "ठेवा हो तुम्हीच." ते म्हणायचे, "मला नको, अक्का. तुमचं कापड आहे." मी तोवर अर्धा जिना उतरलेली असायचे.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोटांची. त्यांचे वडील आप्पाजी याच खोलीत बसायचे. पोरगा आठ वर्षांचा झाला तसं त्याला डोळे मिटायला लावून हातात कापड द्यायचे. पॉपलिन की केंब्रिक? उभा धागा कुठला, आडवा कुठला? चुकलं की त्या दिवशी कात्री मिळायची नाही. अजूनही मी कापड घेऊन गेले की ते माझ्याशी बोलता बोलता दोन बोटांत चोळतात आणि सांगतात, "दुकानदारानं सिल्क सांगितलं का? निम्मंच आहे." मी तणतणत दुकानदाराकडे परत जाते आणि दर वेळी तेच खरं निघतं.

आता खेळाचं. गांधी बाजाराच्या मागे एका सभागृहाच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचा स्क्रॅबलचा क्लब भरतो. वीस-बावीस माणसं, आणि मी सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लाकडाचे किंवा प्लास्टिकचे शंभर ठोकळे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर आणि त्याचे गुण. थैलीत न बघता हात घालून सात उचलायचे आणि पटावर शब्द लावायचे. रोजची अक्षरं स्वस्त, अडचणीची महाग. झेड दहाला जातं. पटावरची काही घरं शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट करतात. दोन ठोकळे कोरे असतात. ते कुठलंही अक्षर म्हणून चालतात, म्हणून सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर.

आमच्या पहिल्या टेबलावरचा संच माझ्या नवऱ्याचा. मकरंदनं तो एका कामाच्या दौऱ्यात विलायतेहून आणलेला, लाकडाचा, अक्षरं कोरलेली. मकरंदला जाऊन सहा वर्षं झाली. बाकीच्या टेबलांवर प्लास्टिकचे गुळगुळीत ठोकळे आले, पण पहिल्या टेबलावर मी ते येऊ दिले नाहीत. क्लबात कुणी विषय काढला की मी चष्म्यावरून बघायचे आणि विषय बंद व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी या संचाची थैली फाटली आणि मी ती नरसिंहरावांकडे नेली. त्यांनी शंभरही ठोकळे कापायच्या टेबलावर ओतून घेतले. "हे आकडे काय, मापं?" मी खेळ समजावला. त्यांनी ऐकून घेतलं, माझं मनगट टेपनं मोजलं आणि म्हणाले, "सरी, बरं. कॉलर अशी लावतो, की मनगट आत जाईल, नजर जाणार नाही." चार दिवसांनी थैली तयार होती. बाहेरून जाड निळी, आतून अस्तर, तोंडाशी ताठ कॉलर. पैसे घेतले नाहीत. घेतली ती फक्त रविवारी येऊन खेळ बघायची परवानगी.

बघायला आलेला माणूस तिसऱ्या रविवारी खेळायला बसला. शिक्षण कन्नड माध्यमातून दहावी. पण पन्नास वर्षं पॅटर्नची पुस्तकं, कापडाची लेबलं आणि विलायती कॅटलॉग वाचून त्यांच्याजवळ एक वेगळंच इंग्रजी जमलं होतं. गसेट, प्लॅकेट, सेल्व्हेज. नेनसूक म्हणजे आपलं नयनसुख. जॅकोनेट म्हणजे मूळचं जगन्नाथपुरीचं कापड. हे शब्द आमच्यातल्या कॉन्व्हेंटवाल्यांनाही ठाऊक नव्हते.

पहिलाच डाव पडला तो अमितशी. अमित नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला, क्लबातला सगळ्यात तगडा खेळाडू. त्याला शब्दांच्या याद्याच्या याद्या पाठ आहेत. तो नरसिंहरावांविरुद्ध दोनशेच्या वर गुणांनी जिंकला आणि त्यात एक शब्द असा लावला: डी, यू, आर, झेड, आय.

"डर्झाय," अमित म्हणाला. "पंधरा, तिप्पट शब्दाचं घर, पंचेचाळीस."

नरसिंहराव वाकून बघत राहिले. "अर्थ काय याचा?"

"अर्थाला पॉइंट्स नसतात, अंकल."

अमित उद्धट नाही. खेळ असाच आहे. यादीत शब्द असला की झालं, अर्थ कुणी विचारत नाही. पण मी हेही सांगते की मला ते टोचलं. परत जाताना मेट्रोत नरसिंहरावांनी मला तो शब्द कागदावर लिहायला लावला. "घरी जाडं पुस्तक आहे म्हणालात ना, अक्का? बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी ब्लाउजचं निमित्त काढून मी गेले. ते मशीनवर होते.

"शिंपी," मी म्हणाले.

"कोण?"

"त्या शब्दाचा अर्थ. हिंदुस्थानातला शिंपी. मूळ फारसी. दर्झ म्हणजे शिवण, तिच्यावरून शिवणारा तो दर्झी. आपण दर्जी म्हणतो तोच. साहेबलोकांनी इथे कपडे शिवून घेतले आणि कपड्यांबरोबर शब्दही नेला. दगडी भिंतीच्या सांध्याला आपण दरज म्हणतो ना, दरजा भरतो, तीही त्यातलीच."

मशीन थांबलं. "म्हणजे इंग्रजांच्या पुस्तकात मी आहे?"

"आहात."

"आणि पंधरा म्हणजे बरे का?"

मी पाच अक्षरांना पंधरा म्हणजे किती उत्तम ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि टेलरचे?" मी बोटांवर मोजलं. सहा अक्षरं, एकेक गुण. सहा.

अहल्याक्का काज करता करता हसायला लागल्या. नरसिंहराव उठून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि आपल्याच जुन्या पाटीकडे बघून आले. "चाळीस वर्षं बाहेर टेलर लिहिलंय," ते म्हणाले. "सहा."

त्या दिवसापासून माणूस पेटला. बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर रोज पाच शब्द, अर्थासकट, आणि कुठून आला तेही. मला रोज फोन. मशीन चालवता चालवता पुटपुटणं. गिऱ्हाइकाचं माप लिहिताना छातीच्या आकड्याशेजारी चुकून शब्द. "अर्थ कळला की मी विसरत नाही, अक्का," ते म्हणायचे. "नुसती अक्षरं हातातून निसटतात." सहा महिन्यांत ते खालच्या टेबलांवर हरेनासे झाले. वर्षभरात पहिल्या टेबलावर आले. दीड वर्षात त्यांनी अमितला पहिल्यांदा हरवलं, तेव्हा मी सगळ्या क्लबाला माझ्या पैशांनी कॉफी पाजली, आणि दोघांत एक अशी बाय-टू नव्हे, अख्खी. गेल्या जानेवारीत वार्षिक चषकाची अंतिम फेरी लागली: अमित आणि नरसिंहराव.

अंतिम फेरीच्या आदल्या रविवारी अमितनं मला बाजूला घेतलं. "काकू, थोडं ऑकवर्ड आहे. पण नंबर्स बघा." त्याच्या फोनमध्ये सगळ्या डावांची नोंद असते. "पहिल्या टेबलावर अंकलचे नऊ गेम्स झाले. प्रत्येकात दोन कोरे, म्हणजे अठरा. त्यातले तेरा अंकलकडे आलेत."

"नशीब असतं एकेकाचं."

"असू शकतं. पण तुमच्या संचात अक्षरं कोरलेली आहेत. कोरा ठोकळा सपाट आहे. आणि ते कापड बोटांनी ओळखतात, हे तुम्हीच मला सांगितलंय."

मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला एक गोष्ट आठवली. नरसिंहराव उजव्या हाताचे. कात्री उजव्यानं, लिहिणं उजव्यानं. ठोकळे मात्र डाव्या हातानं काढायचे. मी वाढले त्या घरात डाव्या हातानं साधी वाटी पुढे केली तरी आई हातावर चापट मारायची, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मी विचारलंही होतं. "सवय," ते म्हणाले होते. आता तो एक शब्द माझ्या मनात नासला. उजवा हात सगळ्यांना दिसतो, लपवायचं ते डाव्यानं, असा विचार मी केला. तेरा वर्षं ज्या माणसानं मला चिंधी चिंधी परत केली त्याच्याबद्दल केला. मला आजही त्याची लाज वाटते.

सोमवारी मी दुकानात गेले आणि भेकडासारखी सुरुवात केली. "फायनलला आपण प्लास्टिकचे ठोकळे घेऊ या म्हणते."

"का, अक्का? लाकडाचे झिजले?"

मी टेबलावरची टेप गुंडाळायला लागले. अहल्याक्कांची सुई थांबली. नरसिंहराव माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"किती वेळा आले मला कोरे?"

"तेरा."

"मी मोजले नव्हते. ठोकळे बदललेत तर रविवारचा डाव स्वच्छ होईल. मागचे नऊ?"

"कुणी काही बोलणार नाही, नरसिंहराव."

"तेच म्हणतो. बोलणार नाहीत. भाऊ मला टेक्स्टाइल लाइन म्हणाला तेव्हा मला राग नाही आला, पण हे वेगळं. आमच्या आप्पाजींनी मला दुकान दिलं नाही, अक्का. ही खोली भाड्याचीच आहे. दिलं ते नाव. पिसेंकडे टाकलेलं कापड पुरं परत येतं, एवढंच." त्यांचा आवाज चढला नाही. "रविवारी तेच ठोकळे आणा. तीच थैली."

रविवारी खोली भरली होती. बातमी फुटली होती, ती कुणी फोडली ते मी विचारलं नाही. अहल्याक्काही आल्या होत्या, कांजीवरम नेसून, एखाद्या कार्याला यावं तशा. नरसिंहराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभे राहिले.

"अमितला शंका आहे, की मला बोटांनी अक्षर कळतं," ते म्हणाले. "कळतं."

त्यांनी उजवा हात थैलीत घातला, मान भिंतीकडे वळवली आणि एकेक ठोकळा बाहेर काढायच्या आधी नाव सांगायला लागले. "एम." एम निघाला. "ओ." ओ निघाला. "हा क्यू, शेपटी लागते." क्यू निघाला. "हा कोरा." कोरा निघाला. सातही बरोबर. मला वाटलं, हा माणूस भर सभेत कबुली देतोय.

"थैली शिवून झाली त्याच दिवशी कळलं हे मला," ते म्हणाले. "म्हणून ठोकळे या हातानं काढतो." त्यांनी डावा हात पुढे धरला. पहिल्या तीन बोटांची टोकं सपाट, चकचकीत होती. इतकी वर्षं समोर होती आणि मी कधी नीट बघितली नव्हती. "चोवीस वर्षांचा होतो. लग्नसराई होती. कोळशाची इस्त्री या हातावर पडली. या तीन बोटांना तेव्हापासून काही लागत नाही. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. सुई मीच दिली होती." दोघं-चौघं हसले. "हे मी कुणाला सांगितलं नाही. चोरी करत नाही हे काय सांगत फिरायचं?"

अमितचा चेहरा पडला होता, पण तो खरं बोलणारा पोरगा आहे. "अंकल, सॉरी. पण डाव्या हाताला कळत नाही हे... म्हणजे, ते सिद्ध कसं करणार?"

सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं बघितलं. नरसिंहरावांनी मात्र मान डोलावली. "बरोबर आहे तुझं. नाही करता येत. म्हणून आज मी थैलीला हात लावणार नाही. माझे ठोकळे अक्का काढतील."

तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी पुढे झाले. शंभर ठोकळे टेबलावर ओतून मोजले. थैलीत काही राहिलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून मी ती उलटी केली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच उलटी झाली. कॉलर इतकी अरुंद, आणि आत बघायचंच नाही हा तर खेळाचा नियम.

अस्तर एका कापडाचं नव्हतं. बोटभर, दोन बोटं रुंदीच्या तुकड्यांना तुकडे जोडलेले होते. मोरपंखी तुकडा माझ्या मुलीच्या लग्नातल्या ब्लाउजचा. राखाडी, मकरंदच्या निवृत्तीच्या समारंभाचा. संक्रांतीचा काळा. एक गर्द जांभळा, जो मी एकदाच घातला आणि बहिणीला देऊन टाकला. मी दुकानात टाकून आलेली सगळी गाठोडी त्या थैलीत होती. मी नको म्हटलेलं कापडही त्यांनी ठेवून घेतलं नव्हतं. ते मला परत दिलं होतं, आणि दर रविवारी मी त्यात हात घालत होते.

मी रडले. वीस माणसांसमोर, चष्मा काढून, चांगली हुंदके देऊन रडले, आणि म्हणाले, "नरसिंहराव, मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

"बिडी, अक्का," ते म्हणाले, म्हणजे सोडा ते. "ठोकळे भरा."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि थैलीत हात घातला. बोटांना लाकूड लागलं. कोरा, क्यू, एम, काही म्हणजे काही कळेना. मी ठोकळे पालथे त्यांच्यापुढे सरकवायचे, ते पट्टीवर मांडायचे. आणि माझा हात असा करंटा, की सुरुवातीलाच तीन यू आणि दोन आय दिले. दोन्ही कोरे अमितकडे गेले. त्यातल्या एकाच्या जोरावर त्यानं सातही ठोकळे एकदम लावले आणि पन्नास जादा गुण घेतले. मी नरसिंहरावांकडे बघायचं टाळत होते.

ते शांतपणे खेळत होते. अमित मोठे शब्द लावत होता, हे कोपऱ्याकोपऱ्यांत छोटे टाके घालत होते. दोन अक्षरं, तीन अक्षरं, एका घरात दोन शब्द. ऐंशीचं अंतर पन्नासवर आलं, मग बत्तिसावर. अहल्याक्का भिंतीशी बसून, खेळातलं ओ का ठो कळत नसताना, माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होत्या.

शेवटी थैलीत एकच ठोकळा उरला. नरसिंहरावांच्या पट्टीवर यू, आर, आय. मी तो शेवटचा ठोकळा काढून पालथा सरकवला. त्यांनी तो उलटला, बघितला आणि पट्टीच्या टोकाला ठेवला. शेजारी असल्यामुळे मला दिसला. झेड.

अमितची पाळी होती. तो चोवीस गुणांनी पुढे होता. झेड अजून पटावर आलेलं नाही आणि आपल्याजवळही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पटाच्या खालच्या बाजूला एक डी मोकळा होता. तो अमितनं पाहिला, मी त्याला पाहताना पाहिलं, पण त्याच्या हातात तिथे बसेल असं काही नव्हतं. त्यानं दुसरीकडे चार गुणांचा शब्द लावला. अठ्ठावीस.

नरसिंहरावांनी घड्याळाकडे बघितलं नाही. त्यांनी डीच्या पुढे यू ठेवला. आर ठेवला. झेड ठेवला. आय ठेवला, तिप्पट शब्दाच्या घरात. प्रत्येक ठोकळा बोटानं सरळ केला, काज ओळीत आहेत की नाहीत हे बघावं तसा.

झेडचे दहा, बाकीचे पाच, पंधरा त्रिक पंचेचाळीस. मी दोनदा बेरीज केली, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. सतरा गुणांनी नरसिंहराव पुढे, आणि पट्टी रिकामी.

टाळ्या सुरू झाल्या. अहल्याक्का उठून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "झालं का? आमचे जिंकले का?" मी त्यांना मिठी मारली. माझी छाती अशी भरून आली होती, की जणू चषक मलाच मिळणार होता.

अमित पटाकडेच बघत होता. हा शब्द त्यानं आयुष्यात किती वेळा लावला असेल, कोण जाणे. याच माणसासमोर, पहिल्याच डावात लावला होता.

"अंकल," तो म्हणाला, "अर्थ काय याचा?"

"मी," नरसिंहराव म्हणाले, आणि पटावरचे ठोकळे डाव्या हातानं गोळा करून थैलीत भरायला लागले.